लायसन्स परत आल्यावरचा विमा

गाडीचा विमा कोणासाठी काढायचा असतो, हा प्रश्न मी नव्या ग्राहकाला हमखास विचारते. उत्तरं ठरलेली असतात. पोलीस अडवतात म्हणून. बँकेचं लोन आहे म्हणून. गाडीला काही झालं तर खर्च निघावा म्हणून. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी, असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. मोटार वाहन कायदा मात्र नेमकं तेच सांगतो. १९८८ च्या या कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची. तुमच्या गाडीचा पत्रा चेपला, काच फुटली, तर कायद्याला त्याचं काही देणंघेणं नाही. तुमच्या गाडीखाली कोणी आलं तर आहे.

नेरुळमध्ये बरीच वर्षं मी हे काम करते आहे. पॉलिसी काढून देणं, रिन्युअलची तारीख आली की फोन करणं, क्लेमच्या वेळी सर्व्हेअरसोबत गॅरेजमध्ये उभं राहणं. गेल्या वर्षी आमच्याच घरात अशी वेळ आली की या सगळ्या कामाकडे मी नव्याने पाहिलं.

माझे धाकटे दीर वाशीत एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीहून रात्री पाम बीच रोडने घरी येत होते. नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि आकडा मर्यादेच्या वर निघाला. मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल. भाऊजींनी कोणाला धडक दिली नव्हती, गाडीवर ओरखडाही नव्हता. पण कलम १८५ ला अपघात व्हावा लागत नाही. पिऊन स्टिअरिंगवर बसणं हाच गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दंड कोर्टात भरला गेला. लायसन्स पोलिसांनी ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवलं, तिथे भाऊजींचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि ते तीन महिन्यांसाठी निलंबित झालं.

लायसन्स फक्त दारूसाठीच जातं असं बऱ्याच जणांना वाटतं. भरधाव गाडी चालवणं, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणं, मालाच्या टेम्पोत माणसं भरणं, जादा माल लादणं, या सगळ्यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनहेल्मेट दुचाकीसाठीही ते जाऊ शकतं. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली आणि मला ती फार योग्य वाटते. मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप हातात पडत नाही. ड्रायव्हिंगचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

भाऊजी त्या काळात लोकलने जाऊ लागले. घरी फारसं बोलत नव्हते. जाऊबाईंना काळजी होती ती सोसायटीत कळलं तर काय याची. "वहिनी, तुम्ही कोणाला सांगू नका हं," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मला त्यांचं वाईट वाटलं, पण मनात दुसरंच काहीतरी घोळत होतं. पाम बीच रोड मला पाठ आहे. वाशीपासून बेलापूरपर्यंत जाणारा सरळसोट रस्ता, एका बाजूला खारफुटी, रात्री मोकळा. ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो. पहाटे त्याच रस्त्याच्या कडेने माणसं चालतात, धावतात, सायकली चालवतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर नोंदली गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचेच हे आकडे. त्या रात्री नाकाबंदी होती, हे आमच्या घराचं भाग्य म्हणायचं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तसं मी भाऊजींना सांगितलंही. त्यांनी मान खाली घातली.

निलंबनाच्या मधल्याच काळात त्यांच्या गाडीची पॉलिसी संपत होती. मी फोन केला तर म्हणाले, "वहिनी, राहू दे ना आता. गाडी उभीच आहे खाली. लायसन्स आलं की काढू."

हा विचार ज्याच्या-त्याच्या मनात येतो. गाडी चालवणारच नाही तर पैसे का भरायचे? पण गाडी उभी आहे म्हणजे तिला काही होणार नाही असं थोडंच आहे. चोरी उभ्या गाडीचीच होते. आग लागू शकते. आणि पाणी! २६ जुलै २००५ नंतर मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात उभ्या गाड्याही बुडतात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. शिवाय त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, स्वतःचं पक्कं लायसन्स असलेला. आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तो किल्ली घेणारच. बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दंडाचं सोडा, त्या गाडीखाली कोणी सापडलं तर सगळी भरपाई घरातून.

मग नो क्लेम बोनस. पाच वर्षं एकही क्लेम न घेतल्यामुळे भाऊजींना ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर पन्नास टक्के सूट मिळत होती. वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास अशा पायऱ्या चढत ती मिळते आणि पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत रिन्यू केली नाही तर एका फटक्यात शून्यावर येते. तीन महिन्यांचं निलंबन, वर प्रशिक्षण आणि कागदपत्रांचे दिवस. नव्वद दिवस कधी उलटले हे कळतही नाही. त्यातून खंड पडला की कंपनी गाडी तपासल्याशिवाय फुल इन्शुरन्स देत नाही. चारही बाजूंचे फोटो, चॅसिस नंबर, जुने ओरखडे, सगळं नव्याने.

तेव्हा पॉलिसी वेळेत रिन्यू करायचं ठरलं. मी लॅपटॉप उघडून बसले, भाऊजी शेजारी. गाडीचा नंबर टाकला, जुनी माहिती आपोआप भरली गेली, प्रीमियमचा आकडा आला. थर्ड पार्टीचा भाग ३,४१६ रुपये, हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला १ जून २०२२ पासून लागू झालेला सरकारी दर. त्याखाली मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, पंधरा लाखांचा. त्याच्यापुढे एक छोटी चौकट आधीच टिक होऊन आलेली: माझ्याकडे वैध ड्रायव्हिंग लायसन्स आहे.

भाऊजींनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या चौकटीवर बोट ठेवून मी म्हटलं, "हे आज खरं नाही."

"पण ते बघतंय कोण, वहिनी? तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

आज कोणी बघत नाही, हे खरं आहे. कंपनी बघते क्लेमच्या दिवशी. पॉलिसी देताना एका क्लिकवर विश्वास ठेवणारी तीच कंपनी क्लेम आला की लायसन्सची प्रत मागते, आरटीओच्या नोंदीशी ताडून पाहते, अपघाताची तारीख आणि निलंबनाच्या तारखा शेजारी ठेवते. पंधरा लाखांचा हा विमा मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच लागू होतो. खोटी टिक करून भरलेला प्रीमियम म्हणजे वाया गेलेले पैसे, आणि वर चुकीचं निवेदन कागदावर राहतं ते वेगळंच. आम्ही ती टिक काढली, मालकाचं लायसन्स सध्या निलंबित आहे असं कंपनीला ईमेलने कळवलं आणि त्या भागाशिवाय पॉलिसी घेतली. २०१९ पासून हा अपघात विमा वेगळाही विकत घेता येतो. लायसन्स परत आल्यावर तो घ्यायचा, असं ठरवून टाकलं.

पॉलिसीची पीडीएफ आली तेव्हा मी भाऊजींना त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं. पॉलिसीवर ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचा बारीक अक्षरांतला परिच्छेद असतो, कोणी तो वाचत नाही. त्याचा अर्थ असा: विमाधारकासह कोणीही गाडी चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि ते धारण करायला तो अपात्र ठरवलेला नसावा. ही शेवटची अट बरोबर त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. त्या तीन महिन्यांत ते कोपऱ्यावरून दूध आणायला जरी गाडी घेऊन गेले असते आणि खांबाला घासली असती, तरी ओन डॅमेजचा क्लेम नाकारला गेला असता. अपात्र असताना गाडी चालवल्याबद्दल कलम १८२ खाली दहा हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, तेही होतंच.

आणि कोणाला लागलं असतं तर? इथे कायदा थोडा गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते माणुसकीचाही. चालक अपात्र होता, हा विमा कंपनीचा बचाव कायद्याने मान्य केलेला आहे. पण २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की नुसतं लायसन्स नव्हतं एवढं दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत; मालकाचा हलगर्जीपणा किंवा त्याने जाणूनबुजून केलेला अटीचा भंग तिला सिद्ध करावा लागेल. आणि तो सिद्ध झाला तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना पैसे द्यायला लावून मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. कोर्टकचेरीत याला सगळे ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. म्हणजे ज्याचा दोष नाही त्याला थांबावं लागू नये आणि ज्याने अट मोडली त्याची सुटका होऊ नये. भाऊजींनी विचारलं, "वसूल म्हणजे कशातून?" मी म्हटलं, "तुमच्या पगारातून, या फ्लॅटमधून, जे असेल त्यातून." त्या दिवशी त्यांनी किल्ली पुतण्याच्या हातात दिली.

मला हे इतकं लागतं त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पॉलिसी काढायला नव्हे, कागद समजून घ्यायला. त्यांचे यजमान पहाटे सायकलवरून पेपर टाकायचे. एका गाडीने मागून उडवलं. बाईंकडे साडीच्या दुकानाची एक पिशवी होती आणि सगळा संसार जणू त्या पिशवीत आला होता: एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, नवऱ्याचं आधार कार्ड, पेपर एजन्सीने दिलेलं पगाराचं पत्र. तळाशी गाडीच्या पॉलिसीची झेरॉक्स. तीत मुदत संपल्याच्या तारखेभोवती वकिलांनी लाल पेनाने गोल केलेला होता. अपघात त्या तारखेनंतर महिनाभराने झालेला. बाई तो गोल दाखवून मला विचारत होत्या, "ताई, यात आमचं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, भरपाईची रक्कमही ठरवली. पण विमाच नव्हता, त्यामुळे देणार होता तो एकटा गाडीमालक. त्याच्याकडे होती ती जुनी गाडी आणि भाड्याची खोली. विमा कंपनीवर निवाडा झाला असता तर पैसे खात्यात आले असते. इथे निवाड्याचा कागद हातात आणि वसुलीसाठी पुन्हा वकील, पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. मिळालं ते तुटक तुटक, ठरलेल्या रकमेच्या मानाने फार थोडं. बाई पोळ्या लाटायची कामं करून मुलीला शिकवत राहिल्या. तेव्हापासून, "गाडी उभीच आहे, नंतर काढू" असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो लाल गोल येतो. रस्त्यावरच्या जवळपास निम्म्या वाहनांना विमा नाही आणि त्यांत दुचाकी जास्त, असं आमच्या धंद्यात सगळेच जाणतात. अशी किती घरं असतील!

भाऊजींचं प्रशिक्षण झालं, लायसन्स परत मिळालं. मी त्यांना लगेच गाडी काढू दिली नाही. आधी सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर लायसन्सची स्थिती पाहिली. कार्ड हातात आहे पण नोंदीत निलंबनच दिसतंय अशा अवस्थेत काही घडलं, तर वाद ओढवून घेतल्यासारखं होतं. नोंद बरोबर झाली होती. त्याच संध्याकाळी पंधरा लाखांचा अपघात विमा घेतला आणि लायसन्स पुन्हा लागू झाल्याचं कंपनीला ईमेलने कळवून टाकलं.

"आता प्रीमियम किती वाढेल?" त्यांनी विचारलं. ते धसका घेऊनच बसले होते.

वाढला नाही. वाढायचं कारणच नव्हतं. आपल्याकडे प्रीमियम ठरतो गाडीवरून: सीसी, वय, शहर, गाडीची ठरलेली किंमत. चालकाने नियम मोडल्याचा इतिहास त्या हिशेबात येतच नाही. चाळीस वर्षं एक सिग्नलही न तोडलेल्या निवृत्त मास्तरांना जो थर्ड पार्टी दर, तोच पिऊन गाडी चालवताना पकडलेल्याला. भाऊजींचा चेहरा सैल झाला, आणि मला मात्र कुठेतरी टोचलं.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. तिकडे पिऊन गाडी चालवताना सापडलेल्याला लायसन्स परत हवं असेल तर विमा कंपनीकडून एसआर-२२ नावाचं प्रमाणपत्र थेट परिवहन खात्याला पाठवावं लागतं आणि ते सहसा तीन वर्षं चालू ठेवावं लागतं. मध्येच पॉलिसी बंद पडली तर कंपनीच खात्याला कळवते आणि लायसन्स पुन्हा निलंबित होतं. सुरक्षित चालकाला मिळणारी सवलत दहा वर्षांसाठी जाते. चालकाची वर्तणूक हा प्रीमियमचा पहिला निकष असावा, हे तिथल्या मतदारांनी १९८८ साली मतदान करून ठरवलं. आपला मोटार वाहन कायदा त्याच वर्षीचा आहे.

पण म्हणून त्यांचं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. तिकडे कायद्याने सक्तीचं किमान संरक्षण एका जखमी माणसामागे पंधरा हजार डॉलर होतं, २०२५ मध्ये ते तीस हजार झालं. आपल्या साध्या थर्ड पार्टी पॉलिसीत मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. ३,४१६ रुपयांत केवढं मोठं वचन आहे हे! ज्याला लागलं त्याच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा उदार आहोत. ज्याच्यामुळे लागू शकतं त्याच्या बाबतीत मात्र आपण विसराळू आहोत.

आपल्याकडे विचार झालाच नाही असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने वाहतूक नियमभंगाचा वेगळा प्रीमियम सुचवला होता. चुकीच्या पार्किंगला दहा गुण, पिऊन गाडी चालवण्याला शंभर, आणि गुणांप्रमाणे जादा पैसे. तो मसुदा मी तेव्हा आवडीने वाचला होता. मला एकच धास्ती आहे. एपीएमसीत भाजी उतरवणाऱ्या टेम्पोवाल्याला प्रीमियम परवडेनासा झाला तर तो विमाच सोडून देईल, आणि मग पुन्हा कोणाच्या तरी पिशवीच्या तळाशी मुदत संपलेली झेरॉक्स. म्हणून सक्तीच्या थर्ड पार्टीला हात न लावता जादा पैसे ओन डॅमेजच्या भागावर घ्यावेत, असं माझं मत आहे. ज्याची स्वतःची गाडी महागाची, त्याने स्वतःच्या वागण्याची किंमत तिथे मोजावी. आणि जो वर्षानुवर्षं नीट चालवतो त्याला क्लेम न घेतल्याची जशी सूट मिळते, तशी नियम पाळल्याचीही मिळावी. ई-चलनाची नोंद गाडीच्या नंबरावर असतेच. निलंबनाची नोंद लायसन्सवर असते. दोन्ही माहिती सरकारदरबारी आहे, ती पॉलिसीपर्यंत पोहोचत नाही एवढंच.

यंदा रिन्युअलसाठी मी फोन करायच्या आधी भाऊजींचाच आला. घरीच आले, चहा झाला, मी लॅपटॉप उघडला. गाडीचा नंबर, जुनी माहिती, आकडा. लायसन्सच्या चौकटीवर त्यांनी स्वतः टिक केली. मग म्हणाले, "वहिनी, मागच्या वर्षीचं यात कुठे लिहायचं?"

कागदी प्रपोजल फॉर्मच्या जमान्यात चालकाबद्दलचे प्रश्न असायचे: नजर अधू आहे का, ऐकायला कमी येतं का, अपघातात हात होता का, शिक्षा झाली आहे का. ग्राहक ते प्रश्न वाचायचा, थोडा थांबायचा, मग लिहायचा. त्या दिवशी आमच्यासमोरच्या स्क्रीनवर असं काहीच नव्हतं. मी शेवटपर्यंत खाली जाऊन पाहिलं, मागे येऊनही पाहिलं. तसा रकाना नव्हता.

"मग ईमेलनेच कळवूया," भाऊजी म्हणाले. आणि त्यांनीच टाइप करायला घेतलं, तारखांसकट.